हॉट रॉड बनवून घेताय? माझे ४४,३०० डॉलर कसे गेले ते आधी वाचा

एकूण ४४,३०० डॉलर. आधी २०,००० ॲडव्हान्स, मग स्टीलच्या बॉडीचे १४,५००, मग इंजिन-गिअरबॉक्सचे ९,८००. तिन्ही वेळा वायर ट्रान्सफर, म्हणजे बँकेतून थेट गॅरेजवाल्याच्या खात्यात. आजपर्यंत त्या गाडीचा एक बोल्टही माझ्या हातात आलेला नाही.

मला हॉट रॉड, म्हणजे जुन्या धाटणीची, ताकदीचं इंजिन बसवून घेतलेली गाडी हवी होती: १९३२ च्या फोर्डसारखा उघड्या टपाचा रोडस्टर. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या गाडीवेड्यांना सांगायला नको, ३२ ची फोर्ड म्हणजे हॉट रॉडवाल्यांचं दैवत. त्या वर्षी फोर्डने सामान्यांना परवडणाऱ्या गाडीत ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन दिलं आणि पुढे पोरांनी मडगार्ड काढून त्या गाड्या कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पळवल्या. मूळ बॉडी आता सहज मिळत नाही, म्हणून नवी स्टीलची बॉडी, नवी चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि फोर्डचं ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन असं ठरलं. किंमत ६८,००० डॉलर. स्वस्ताच्या मोहात पडलो असं कुणी म्हणू नये, बाकी गॅरेजवाल्यांचे दरही याच घरात होते. ॲरिझोनातलं ते गॅरेज मी स्वतः जाऊन बघितलं होतं. वेल्डिंग चालू होतं, लिफ्टवर गाडी होती, मालकाचे हात ग्रीसने माखलेले होते. यापेक्षा जास्त खात्री माणसाने काय करायची?

दर महिन्याला फोटो यायचे. इंजिन बसवल्याचा फोटो आला तेव्हा त्यात स्टीअरिंग उजवीकडे होतं. भारतात वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ते चटकन खुपलंसुद्धा नाही, पण दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं आणि मी लगेच विचारलं. तो म्हणाला, ‘फोटो उलटा सेव्ह झालाय, फोनचा घोळ.’ कुणालाही पटेल असं उत्तर. पण त्याच फोटोत इंजिनाच्या व्हॉल्व्ह कव्हरवर ‘फोर्ड’ ही अक्षरं सरळ वाचता येत होती! फोटो उलटा असता तर अक्षरंही उलटी दिसली असती. ती गाडी उजव्या स्टीअरिंगच्या कुठल्यातरी देशातली, फोटो नेटवरून ढापलेला. तो फोटो समोर असताना मी ९,८०० पाठवले. आजही तो उघडला की डोकं फिरतं. रोज गोड बोलणाऱ्या माणसाच्या फोटोतली अक्षरं तपासत बसायची असतात, हे कुणाच्या डोक्यात येतं?

कामाचे फोटो पुरावा म्हणून घेऊ नका, चालू व्हिडिओ कॉलवर चॅसीचा नंबर दाखवायला सांगा. बॉडी घेतली म्हणतो ना, मग बॉडी बनवणाऱ्या कंपनीचं बिल तुमच्या नावावर मागा आणि कंपनीला फोन करून विचारा.

पैसे गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन बंद. पोलिसांची टोलवाटोलवी सुरू. ॲरिझोनातले म्हणाले, गॅरेज खरं आहे, करार आहे, म्हणजे हा दिवाणी मामला. इथले, कॅलिफोर्नियातले म्हणाले, गुन्हा तिकडे घडला, तिकडे जा. बँकेने सांगितलं, वायर तुम्ही स्वतः केलीत, आम्ही काही करू शकत नाही. (पैसे कार्डाने द्या. तीन-चार टक्के जास्त मागितले तरी द्या, निदान भांडायला जागा राहते.) सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तर पोच म्हणून एक नंबर आला आणि पुढे सगळं शांत. स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) जावं तर कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतच दावा करता येतो, आणि हा तर राज्याबाहेरचा. म्हणजे चाळीस-पन्नास हजार लुटणारा मोकळा! ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांनीच हात वर केले की माणसाने कुणाकडे बघायचं? गॅरेज अजून उघडं आहे, जाहिराती चालू आहेत, आणि मला विचारतात, करार नीट वाचला होता का? वाचला होता. प्रत्येक ओळ.

गॅरेज ज्या काउंटीत (जिल्ह्यात) आहे तिथल्या कोर्टाच्या साइटवर मालकाचं नाव टाकलं तर त्याच्यावर आधीचे दोन दावे निघाले. ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे शोधा, फुकट आहे.

आणखी एक. गॅरेजवाला ‘१९३२ चं टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद) लावून देतो’ म्हणाला की तिथूनच उठा. नवी बॉडी, नवी चॅसी म्हणजे ती १९३२ ची गाडी नव्हेच. कॅलिफोर्नियात ती खास बांधणीची म्हणून नोंदवावी लागते आणि धुराच्या नियमांतून सवलत मिळते ती वर्षाला फक्त ५०० गाड्यांना. माझ्याशी तो हेही बोलला होता, मदत करतोय अशा थाटात.

वकिलाने ५,००० डॉलर आगाऊ मागितलेत. मी देणार आहे. आधीच्या दोन दाव्यांतल्या लोकांनाही पत्रं गेली आहेत.