पं. व्यंकटेश कुमार यांची मैफल : खर्च किती, पदरात काय

हिंदुस्थानी शास्त्रीय गायक पं. व्यंकटेश कुमार यांचे गाणे मी गेल्या काही वर्षांत दोनदा समोर बसून ऐकले. एकदा परगावच्या भल्यामोठ्या मंडपात आणि एकदा धारवाडच्या एका लहान सभागृहात. पहिल्या खेपेस बेळगावहून आम्हां दोघांचा प्रवास, लॉज, जेवणखाण आणि तिकिटे मिळून 9,200 रुपये लागले. दुसऱ्या खेपेस प्रवेश विनामूल्य होता आणि बसभाडे व जेवण धरून हजार रुपयेही झाले नाहीत. घरबसल्या हवे तेवढे गाणे ऐकता येत असताना एवढे पैसे का घालावेत, असे नातेवाईक विचारतात.

त्यांचा दुर्गा राग मी मोबाइलवर असंख्य वेळा ऐकला आहे. गंधार आणि निषाद (ग आणि नी) हे स्वर वर्ज्य असलेला हा पाच स्वरांचा राग यंत्रावर ओळखीचा, सरळ वाटतो. पण हा आवाज समोर ऐकल्यावर मला कळले की मध्यमावरून (म) रिषभावर (रे) येताना तो किती वजनाने उतरतो आणि दोन स्वरवाक्यांमधल्या शांततेत तानपुरे कसे भरून राहतात. ध्वनिमुद्रणात हलका स्वर आणि खुला स्वर यांतले अंतर बरेचसे दबून जाते, आणि या गवयाचे तर सारे बळ त्या अंतरातच आहे. 1953 मध्ये लक्ष्मेश्वरला जन्मलेल्या पंडितजींनी गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवई यांच्याकडे तालीम घेतली. ग्वाल्हेर आणि किराणा या दोन्ही घराण्यांचे संस्कार त्यांच्या मोकळ्या आकारात, म्हणजे ‘आ’ लावून घेतलेल्या स्वरांत, आजही ऐकू येतात.

मंडपातल्या मैफलीबद्दल मात्र मी समाधानी नाही. आमच्या खुर्च्या फार मागे होत्या, गवई पडद्यावरच पाहावा लागला आणि तबल्याच्या जोडीचा डग्गा ध्वनिक्षेपकातून इतका घुमत होता की विलंबितातले, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यातले, बारकावे हरवून गेले. उघड्यावरच्या कार्यक्रमांत रात्री 10 वाजता ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, त्यामुळे बरेच कलाकार असले की एकेकाच्या वाट्याला मोजकाच वेळ येतो आणि राग रंगात येतो तोच आवरावा लागतो.

धारवाडला आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. तानपुरे जुळवतानाची कुजबुज, हार्मोनियमवाल्याकडे पाहून हलवलेली मान, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना साऱ्या सभागृहाने एकदम घेतलेला श्वास, हे सगळे तिथे मिळाले. शेवटी त्यांनी कन्नड वचन, म्हणजे शरणसंतांची भक्तिरचना, गायले. सीमाभागात वाढलेल्या आम्हां मराठी माणसांना त्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही, आणि शब्द कळत असताना तो स्वर ऐकणे हा वेगळाच लाभ आहे.

माझ्या मनात एक जुनी खंतही आहे. सुळेभावीत, म्हणजे बेळगावच्या अगदी जवळ, जन्मलेले कुमार गंधर्व आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर हे दोघेही थोर गवई 1992 या एकाच वर्षी गेले. मन्सूरांना ऐकायला वडील मला धारवाडला नेणार होते, तेव्हा मी परीक्षेचे कारण सांगून घरी राहिलो. आज त्यांची मुद्रणे ऐकताना तो दिवस आठवल्यावाचून राहत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की पैसे जरूर घालावेत, पण जागा पाहून. पुढच्या बाजूची भारतीय बैठक मिळत असेल तर परगावी जाण्याचा खर्च सार्थकी लागतो. मागच्या खुर्च्याच शिल्लक असतील तर ते पैसे राखून ठेवावेत आणि पंडितजी धारवाड, हुबळी किंवा बेळगावात गाणार असल्याचे कळताच कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून वेळेआधी तासभर सभागृह गाठावे.