टारो पॅच की वाहिने?
हवाईचं स्लॅक-की गिटार, म्हणजे तिथल्या भाषेत 'की होआलु', तारा सैल करूनच सुरू होतं. टारो पॅच आणि वाहिने या तारा लावायच्या दोन पद्धती. टारो पॅचसाठी गिटारच्या नेहमीच्या लावणीतून सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची; सहावीपासून पहिलीपर्यंत: डी-जी-डी-जी-बी-डी. मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर हा सुरांचा मेळ (कॉर्ड) आपसूक वाजतो. अंगठा पाचव्या-चौथ्या तारेवर खर्ज धरतो, बाकीची बोटं चाल वाजवतात.

वाहिनेत तिसरी तारही अर्धा स्वर खाली, एफ शार्पवर. मोकळी छेडली तर सूर अधांतरी लटकतो. पहिल्या पडद्यावर बोट आपटलं की जी येतो आणि कान निवतो. हा लाडिक झटका मला फार आवडतो (शेजाऱ्यांना कितपत, देव जाणे). तरी नवख्यानं आधी टारो पॅचच धरावं. त्यात रिकामी तार चुकून वाजली तरी सहसा खपून जाते; वाहिनेतली तिसरी तार मात्र लगेच चुगली करते.