सिंगल डोस ग्राइंडर: शंकूचा की सपाट? काही महिन्यांच्या वापरानंतर

हिवाळ्यापासून आमच्या ओट्यावर दोन इलेक्ट्रिक सिंगल डोस ग्राइंडर, म्हणजे एका वेळी एका कपापुरत्याच बिया टाकून कॉफी दळायची यंत्रं, शेजारी शेजारी आहेत. एक माझा, एक धाकट्या भावाचा. माझ्यात 63 मिमीचा शंकूच्या आकाराचा बर (कॉफी दळणारे पोलादी दाते) आहे, त्याच्यात 64 मिमीचे सपाट बर. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. चवीतला फरक नावाचा नसून या पोलादी दात्यांचा आहे, असं माझं पक्कं मत झालंय.

एका शॉटसाठी, म्हणजे एका छोट्या, दाट एस्प्रेसोसाठी, दोन्हींत 18 ग्रॅम बिया, कपात 36 ग्रॅम कॉफी, वेळ 25 ते 30 सेकंद. चिकमगळूरच्या मिडियम-डार्क (मध्यम-गडद भाजलेल्या) बिया शंकूच्या बरमधून आल्या की शॉट दाट आणि गोडसर लागतो, दूध घातलं तरी कॉफी हरवत नाही. सपाट बरमध्ये त्याच बिया काहीशा पातळ वाटतात. पण लाइट रोस्ट (हलक्या भाजलेल्या बिया) टाका, चित्र उलटतं: फळांची आंबटगोड चव सुटी सुटी कळते. तीच बी शंकूच्या बरमधून प्यायलं की सगळ्या चवी एकमेकींत मिसळलेल्या लागतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते स्थिर विजेनं. पुण्याच्या कोरड्या थंडीत पूड नळीला, कपाला, ओट्याला चिकटायची. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक हलका फवारा मारून ढवळलं की हे जवळजवळ थांबतं. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये याचाच अभ्यास केला. डार्क रोस्टमध्ये ओलावा कमी असतो, म्हणून तो जास्त विद्युतभार धरतो आणि थोडं पाणी घातल्यानं एस्प्रेसो जास्त दाट उतरतो, असं त्यांना आढळलं. फवारा मारल्यावर कपात फरक पडतो, हे मीही रोज अनुभवतो.

पावसाळा लागला तसा हा त्रास आपोआप गेला आणि दुसरा सुरू झाला. पूड किती बारीक दळायची याच्या कालच्याच सेटिंगवर आज शॉटची वेळ बदललेली असते. हवाबंद डबा आणि सकाळी पहिला शॉट चाखून डायल किंचित हलवणं, एवढाच इलाज मला सापडला.

आवाज सपाटवाल्याचा मोठा आहे, पहाटे घरात कुणी झोपलं असेल तर जाणवतो. शेवटच्या चार-सहा बिया दोन्हींत उड्या मारतात, म्हणून झाकण लावूनच दळावं. आत अडकलेली पूड वरचा रबरी फुगा दाबल्यावर बाहेर पडते. तरी बिया बदलताना दोनेक ग्रॅम दळून टाकून द्या, नाहीतर डार्कचा कडवटपणा लाइटमध्ये उतरतो.

घरात कॅपुचिनो, लाटे जास्त होत असतील तर शंकूचाच घ्या, सपाटसाठी वेगळे पैसे घालू नका. काळी आणि हलक्या भाजणीची पिणाऱ्यांनी मात्र सपाट बरच घ्यावेत. आमच्याकडे आई दूध घालूनच पिते, त्यामुळे रोजच्या वापरात राहिला तो शंकूचा.