शेतात टॉवर लावतो म्हणून 57,150 रुपये नेले, ते पण रिटायर लाईनमनकडून

जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा. टॉवरच्या नावाखाली फसवतात हे सगळ्यांना माहीत असतं, आम्हाला पण होतंच. माझे वडील, आप्पा, टेलिफोन खात्यात 36 वर्षं लाईनमन होते. गावात कुणाला असा मेसेज आला की लोक मोबाईल घेऊन आमच्या ओट्यावर यायचे, आप्पा बघा ओ खरं का खोटं, आणि आप्पा चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे डिलीट कर. त्याच माणसाला गंडवलं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. डिसेंबर 2024 मध्ये दुपारी फोन आला. मराठी बोलणारा माणूस, एकदम शांत, कसली घाई नाही. म्हणाला बीएसएनएलच्या 4जी प्रोजेक्टचं टॉवर उभारणीचं काम आमच्या फर्मकडे आहे, तुमच्या गावाच्या बाजूला रेंज वीक आहे, सर्व्हेत तुमचा गट नंबर आलाय. (गट नंबर त्याने बरोबर सांगितला. 7/12 ऑनलाईन कुणीही बघू शकतो हे आम्हाला नंतर सुचलं.) भाडं महिना 18 हजार आणि 6 लाख ॲडव्हान्स. आता बघा, नेहमीच्या जाहिरातीत 40 लाख ॲडव्हान्स, घरातल्या एकाला नोकरी असलं काहीतरी असतं, तसं म्हणला असता तर आप्पांनी तिथंच हासून फोन ठेवला असता. 18 हजार ही रक्कम पटण्यासारखी होती.

आणि आप्पांनी त्याची परीक्षा पण घेतली बरं का. मी खात्यातला माणूस आहे म्हणले, मला शिकवू नका. तो म्हणाला अरे वा, मग तर लाईनमन साहेब तुम्हाला सगळं माहीतच असणार. साहेब! 36 वर्षात लाईनमनला कुणी साहेब म्हणत नाही, लाईन बंद असली की शिव्या आणि चालू असली की कुणी ओळखत पण नाही. त्यानंतर अर्धा तास दोघांच्या गप्पा.

त्या गप्पा काय होत्या हे सांगितल्याशिवाय ते कसे फसले हे कळणार नाही. आप्पा 1984 ला रोजंदारीवर लागले, तेव्हा पोस्ट आणि तार एकच खातं होतं. 1985 ला पोस्ट वेगळं झालं आणि दूरसंचार वेगळं. 1986 ला मुंबई आणि दिल्ली एमटीएनएल या वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेली, बाकी अख्खा देश खात्याकडेच राहिला. आप्पांनी खांद्यावर वायरचं बंडल टाकून खांब चढलेत, मग सी-डॉट या सरकारी संस्थेने बनवलेलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज गावात आलं ते त्यांच्यासमोर, आणि एसटीडीचे पिवळे बूथ, रात्री दर कमी झाला की बूथबाहेर लाईन लागायची. मग 1 ऑक्टोबर 2000 ला खात्याची कंपनी झाली, बीएसएनएल. आप्पांचं ठरलेलं वाक्य आहे, रात्री सरकारी नोकर म्हणून झोपलो आणि सकाळी कंपनीचा माणूस म्हणून उठलो. 2002 ला बीएसएनएलचा सेलवन मोबाईल आला, लोक सिमसाठी यांच्याकडे वशिला लावायचे, आमच्या घरी तेव्हा चहाला पाहुणे काय कमी नसायचे. 2004-05 ला कंपनीचा नफा 10 हजार कोटींच्या वर होता, हा आकडा आप्पा अजून पाठ म्हणून दाखवतात, आणि 2009-10 पासून तोटा सुरू झाला तो विषय निघाला की गप्प बसतात. 2010 ला स्पेक्ट्रमसाठी 18 हजार कोटींवर पैसे मोजले, पुढे प्रायव्हेटवाल्यांचं 4जी गावोगावी पोचलं तरी आपल्याकडे 3जीच. 2013 ला तार बंद झाली. 2019 ला तर पगार पण लेट झाले, आईला किराणावाल्याकडे शब्द टाकावा लागला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने पॅकेज आणलं, त्यात व्हीआरएस (मुदतीआधी स्वेच्छेने रिटायर होणं) होती, आणि 31 जानेवारी 2020 ला एका दिवसात 78 हजारांच्या वर लोक घरी गेले. आप्पा त्यातलेच. त्या दिवशी टेस्ट फोन जमा करताना डोळ्यात पाणी आलं होतं असं त्यांचे मित्र सांगतात, ते स्वतः नाही सांगत.

तर समोरच्याला हे सगळं माहीत होतं. व्हीआरएसची तारीख, 2022 ला 4जी न पोचलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी मंजूर झाले तो आकडा, जुलै 2024 ला प्रायव्हेट कंपन्यांनी रिचार्ज वाढवले आणि लोक बीएसएनएलला पोर्ट व्हायला लागले म्हणून आता टॉवरची घाई आहे, हे पण. यातलं एकही खोटं नव्हतं. सगळं पेपरात आलेलं, नेटवर असलेलं. पण आप्पांना वाटलं एवढं आतलं माहीत आहे म्हणजे माणूस आतलाच. आणि खरं सांगू का, मला वाटतं पैशापेक्षा त्यांना हे ऐकायचं होतं की कंपनी परत उभी राहतेय आणि आपल्या रानात तिचा टॉवर येतोय. तो फोनवाला बोलला पण तसंच, साहेब तुम्ही खांब लावले, आता तुमच्या शेतात टॉवर.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर 7/12, 8अ, आधार, पॅन, पासबुकचा फोटो मागितला. दिला. रजिस्ट्रेशन फी 2,550, भरली. आठ दिवसांनी पीडीएफ आली, भारत सरकार, दूरसंचार विभाग, ट्रायचा (फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) गोल शिक्का, खाली सही, आणि करारनाम्याचे स्टॅम्प ड्यूटी धरून 18,600. ते पण भरले. त्या पीडीएफवर बीएसएनएलचा जुना लोगो होता, निळा-लाल बाणांचा. कंपनीने ऑक्टोबर 2024 लाच लोगो बदललाय, भगवा गोल आणि मध्ये भारताचा नकाशा, आणि हे आप्पांना माहीत होतं, त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं की नवीन लोगो काही खास नाही. मग पत्रावर जुना कसा, तर त्यांनीच स्वतःची समजूत घातली की सरकारी ऑफिसात जुनी स्टेशनरी संपेपर्यंत वापरतात. ते खरंच वापरतात हो, म्हणून तर पटलं. पण पीडीएफला कसली स्टेशनरी?

तिसरा हप्ता इन्शुरन्सचा, 36,000. हे 10 जानेवारीला बँकेत जाऊन भरले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं पण, की काका हे खातं कुण्या एका माणसाच्या नावावर आहे, कंपनीच्या नाही, आणि ब्रँच पण बाहेरच्या राज्यातली आहे. आप्पा म्हणाले, आमच्या कंपनीचंच काम आहे. त्या बिचाऱ्या अजून काय करणार.

मी संक्रांतीला घरी आले तर विहिरीजवळच्या तुकड्यात फक्कीने चौकोन आखलेला, मोजून. तिथला खोडवा काढून टाकलेला. मी म्हणलं हे काय, तर आई म्हणाली विचार तुझ्या बापाला, मला पण दोन दिवसापूर्वी कळलंय. जेवताना आप्पांनी हळूच विषय काढला की 61,500 आहेत का, टीडीएस भरला की 6 लाख जमा होतात. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. मी म्हणलं आप्पा टीडीएस कापून घेतात, आधी भरून घेत नाहीत, तुमच्या पेन्शनचा कधी भरलाय का तुम्ही आगाऊ? गप्प. मग मी त्या नंबरवर फोन लावला, तो मला पण मॅडम मॅडम करायला लागला, मी म्हणलं साईटवर माणूस कधी येणार, तर म्हणाला सर्व्हे सॅटेलाईटने झालाय. आप्पांनी हे स्पीकरवर ऐकलं आणि उठून बाहेर गेले.

कारण खरं कसं होतं ते त्यांना आधीपासून माहीत होतं, नंतर त्यांनीच मला सांगितलं. टॉवर कुठं हवा हे कंपनी तिच्या रेंजच्या गरजेवर ठरवते, तुमच्या रजिस्ट्रेशनवर नाही. माणसं जागेवर येतात, जागा बघतात, अक्षांश-रेखांश घेतात, कागद तपासतात. परवानग्या काढायचं काम टॉवरवाल्या कंपनीचं. पैसा एकाच बाजूने चालतो, कंपनीकडून जागामालकाकडे. मालकाने रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, टॅक्स काहीही भरायचं नसतं. ट्राय टॉवरसाठी एनओसी (ना हरकत दाखला) देतच नाही, हे ट्रायने आणि दूरसंचार विभागाने कितीतरी वेळा जाहीर केलंय. आणि टॉवर उभारणाऱ्या कंपन्यांची विभागाकडे नोंदणी असते, त्यांची यादी विभागाच्या वेबसाईटवर मिळते, त्यात या फर्मचं नावच नव्हतं. बीएसएनएलचा या सगळ्याशी काही संबंध नाही हे पण सांगते, नाव वापरलं एवढंच.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस स्टेशनला गेलो. चार दिवस झाले होते पैसे जाऊन, त्यामुळे खात्यात फक्त 4,200 सापडले, ते होल्ड झाले, बाकी पुढच्या खात्यांत आणि तिथून एटीएममधून बाहेर. पहिल्या तासा-दोन तासात फोन केला असता तर बरंच अडलं असतं असं तिथले हवालदार म्हणाले. तेव्हा असं काही झालं तर घरात भांडत बसू नका, आधी 1930 लावा, लाज नंतर वाटून घ्या. फसवणाऱ्याचा नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी वेबसाईटवर, तिथल्या चक्षू या तक्रारीच्या सोयीत पण टाकला. आधार-पॅन त्यांच्याकडे गेलंय म्हणून आप्पांच्या नावावर किती सिम आहेत ते पण तिथंच चेक केलं, दोनच निघाले, दोन्ही आमचेच. बँकेत सांगून ठेवलंय.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. एकदा फसलेल्याचा नंबर पुढे विकला जातो की काय माहीत नाही, पण दोन आठवड्यांनी परत फोन आला. यावेळी सातारा सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे रिकव्हर झालेत, फाईल चार्ज 3,000 भरा. मी समोरच होते, मी फोन घ्यायला हात पुढे केला तर आप्पांनी हातानेच थांब म्हणलं. म्हणाले, साहेब तुमच्या ऑफिसचा लँडलाईन द्या, कोडसकट, मी त्यावर लावतो. तो जरा थांबला आणि 020 ने सुरू होणारा नंबर सांगितला.

आप्पा म्हणाले, अरे ते पुणं झालं बाळा, सातारा 02162.

फोन कट.