ऑर्डर आल्यावर बनवायचं की आधीच बनवून ठेवायचं? तब्येत सांभाळून घरून पार्ट्स विकणाऱ्यांसाठी

घरच्या घरी रेझिन प्रिंटरवर (द्रव रेझिन उजेडाने थराथराने घट्ट करत वस्तू बनवणारा थ्रीडी प्रिंटर) मॉडेल रेल्वेचे बारीक पार्ट्स काढून विकायचेत, म्हणजे बफर, बोगीच्या बाजूच्या फ्रेम, छतावरचे व्हेंटिलेटर वगैरे, आणि सोबतीला कधीही डोकं वर काढणारं दुखणं आहे, असे बरेच जण प्रिंटर कुठला घेऊ यातच अडकतात. माझ्या मते त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळीच आहे, ऑर्डर आली की बनवायचं की डब्यात माल तयार ठेवायचा. मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे, बोटं आणि मनगटं हीच मुख्य तक्रार, आणि मी हे दोन्ही प्रकार करून बघितलेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमचं दुखणं वेगळं असेल तर हिशोबही वेगळा निघू शकतो हे आधीच सांगतो.

ऑर्डरनुसार बनवण्यात सुख आहे, नाही असं नाही. पैसे अडकत नाहीत, न खपलेला माल डोळ्यासमोर पडून राहत नाही, आणि ड्रॉइंगमध्ये काही सुधारलं की पुढच्याच गिऱ्हाइकाला सुधारलेला पार्ट जातो. शिवाय या छंदातली माणसं चोखंदळ, कुणाला रिव्हेट एक ओळ जास्त हवे असतात, कुणाला तोच पार्ट दुसऱ्या स्केलमध्ये. अशा मागण्या पुरवायला मजा येते, पैसेही बरे मिळतात. फक्त स्केलचं काम वाटतं तितकं एका क्लिकचं नसतं. एचओ आणि एन ही मॉडेल रेल्वेची दोन मापं, एचओचा १:८७ चा (खऱ्याच्या ८७ पट लहान) पार्ट एनच्या १:१६० ला आणला की जवळजवळ निम्मा होतो, ०.५ मिमीची दांडी पाव मिमीच्या आसपास येते आणि सपोर्ट (छापताना पार्टला आधार देणाऱ्या बारीक काड्या) काढतानाच तुटते, म्हणजे परत जाड करून काढा. त्यात एन म्हटलं तरी ब्रिटिश मॉडेलं १:१४८ ची असतात, त्यामुळे नुसतं 'एनमध्ये द्या' म्हणणाऱ्याला उलट विचारावंच लागतं.

अडचण येते ती तारखेची. ऑर्डर पडली की घड्याळ सुरू, आणि फ्लेअर, म्हणजे दुखणं अचानक उसळणं, काही ऑर्डर बघून येत नाही. या दुखण्यावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तिच्या दुसऱ्या दिवशीची मरगळ मला ठाऊक असते, तो दिवस मी मोकळा ठेवतो. तसं ठरलेलं दुखणं सांभाळता येतं. पण सकाळी उठल्यावर मूठच वळत नाही, तास-दीड तास गेला तरी बोटं सुटत नाहीत, असे दिवस न सांगता येतात. लिस्टिंगवर पाठवायची मुदत लांब टाकली की गिऱ्हाईक समजून घेतात, खरंच घेतात, तरी ते उधारीसारखं डोक्यावर बसून राहतं ते राहतंच.

पण खरं सांगू का, माझा निर्णय तारखेने नाही झाला, हातमोज्यांनी झाला.

रेझिन कच्चं असताना कातडीला लागू द्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. एकदा त्याची ॲलर्जी बसली की ती सहसा जात नाही, मग धंदाच बंद, त्यामुळे नायट्राइलचे मोजे घालायचे की नाही हा प्रश्नच नाही. आता सुजलेल्या, आखडलेल्या बोटांवर तो मोजा चढवून बघा. अंगठा आत जातो, करंगळी वळून दुसऱ्याच खणात शिरते, ओढायला दुसऱ्या हाताची चिमूट लागते आणि चिमटीतच तर जोर नाही. जरा घाम आला की मोजा पोरासारखा हट्टाला पेटतो, मनगटाशी गुंडाळी होऊन बसतो. मोठा नंबर घेतला तर बोटांच्या टोकाला रिकामं रबर लोंबतं आणि निपरने (छोट्या कटरने) सपोर्ट कापताना तेच कापलं जातं. मग काढा, टाका, नवीन चढवा. इतकं सगळं कशासाठी, तर एका माणसाने मागवलेल्या बफरच्या एका जोडीसाठी. बाटली हलवून रेझिन ओतायचं, प्रिंट झाल्यावर पार्ट काढायचा, अल्कोहोलच्या दोन डब्यांत धुवायचा, वॅट (रेझिनचं भांडं) गाळायचा, सगळं पुसायचं, आणि यातलं काहीच पार्ट एकच आहे म्हणून कमी होत नाही.

आणि गंमत अशी की मशीनलाही एकाने काही फरक पडत नाही. खालचा एलसीडी स्क्रीन अख्खा थर एकदम उजळतो, त्यामुळे वेळ लागतो तो उंचीनुसार, संख्येनुसार नाही. २० मिमी उंचीला ०.०५ मिमीने ४०० थर, मग प्लेटवर (पार्ट जिला चिकटून तयार होतात ती पट्टी) एक बफर ठेवा नाहीतर प्लेट गच्च भरा, वेळ तोच. मोज्यांचे हालही तेवढेच. हे लक्षात घेतलं की एका जोडीसाठी मशीन लावणं मला तरी परवडेना, पैशांनी नाही, हातांनी.

फिलामेंटवाल्यांनी, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून छापणाऱ्या प्रिंटरवाल्यांनी, मात्र माझं जसंच्या तसं ऐकू नये. तिथे नोझल एकेक पार्ट रेखत जातं, संख्या वाढली की वेळ वाढतो, मधेच एक पार्ट उखडला तर अख्ख्या प्लेटचा गुंता होऊ शकतो, आणि मोजे-धुणं काही भानगडच नाही. तुम्ही स्टँड, ब्रॅकेट, डब्याचे सांगाडे असे जाडसर पार्ट विकत असाल तर ऑर्डरनुसारच बरं पडेल असं मला वाटतं.

बनवून ठेवण्याचे त्रासही आहेतच. काय खपेल याचा अंदाज चुकतो, ड्रॉइंग सुधारलं की जुना माल तसाच उरतो. रेझिनचे पार्ट उजेडात पडून राहिले की पिवळे पडतात, ठिसूळ होतात, लांब पातळ पार्ट वाकतात, म्हणून ते सपाट ठेवून बंद, उजेड न जाणाऱ्या डब्यात टाकावे लागतात. आणि भरलेली प्लेट म्हणजे एका दिवसाचं जड काम, चांगला दिवस मिळाला म्हणून सगळं उरकायला गेलं की पुढचे दिवस अंथरुणात जातात.

ते काम तोडता येतं हे मात्र मला फार उपयोगाचं वाटलं. प्रिंट झालेली प्लेट झाकणाखाली रात्रभर तशीच राहिली तरी चालते. धुणं एकदा सुरू केलं की ते मात्र संपवावं लागतं, पार्ट अल्कोहोलमध्ये तासन्‌तास सोडले तर फुगतात, तडे जातात. धुऊन वाळवलेले पार्ट अंधाऱ्या डब्यात ठेवून सपोर्टचं काम दुसऱ्या दिवशी केलं तरी बिघडत नाही. सपोर्ट यूव्हीखाली पक्के करायच्या आधीच काढायचे, कोमट पाण्यात बुडवले की ते मऊ पडून अलगद सुटतात, निपरवर जोर द्यावा लागत नाही, आणि आखडलेल्या बोटांनाही ते पाणी बरंच वाटतं. प्लेटवर वाकणारा चुंबकी पत्रा लावला तर पातं घुसवून पार्ट उचकटायची कसरतही वाचते, मनगट दुखणाऱ्याने बाकी काही नाही तरी एवढं घ्यावंच.

सध्या माझं असं चालतं. नेहमी खपणारे पार्ट पिशव्यांत तयार असतात, वाईट दिवशी ऑर्डर आली तर पिशवी पाकिटात घालून पत्ता चिकटवायचा, तेवढं कसंही होतं आणि अगदीच नाही झालं तर घरातलं कुणीही करतं. पिशवी रिकामी व्हायला आली की लिस्टिंगवर शिल्लक शून्य करून टाकतो, त्यामुळे नसलेला माल विकला जात नाही. कुणी खास स्केलमध्ये मागितलं तर नाही म्हणत नाही, पण पैसे आधी घेत नाही आणि तारीखही देत नाही. पुढची भरलेली प्लेट लागेल तेव्हा एका कोपऱ्यात तुमचाही पार्ट टाकतो, हातात आला की कळवतो, एवढंच सांगतो. ज्यांना घाई असते ते दुसरीकडे जातात, बाकीचे थांबतात.