डबी ३२०० ची, आतली फिल्म भलतीच

शीतकपाटात गोठवून ठेवलेले टी-मॅक्स पी३२०० या कोडॅकच्या वेगवान (कमी उजेडातही चालणाऱ्या) कृष्णधवल फिल्मचे जुने दहा रोल मी एका विक्रेत्याकडून घेतले. पुठ्ठ्याची खोकी नव्हती. जागा वाचवण्यासाठी ती टाकून दिल्याचे त्याने सांगितले आणि मला ते पटले. या फिल्मची निर्मिती २०१२ मध्ये थांबून २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे आधीच्या काळातले रोल मिळाल्याचा मला आनंदच झाला होता.

पहिला रोल मी आजीसाठी राखला. तिच्या खोलीतल्या एकाच दिव्याच्या उजेडात, फिल्म जुनी म्हणून कॅमेऱ्यात फिल्मचा वेग ३२०० ऐवजी १६०० धरून, मी छत्तीस छायाचित्रे घेतली. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, रोल डेव्हलप करण्याच्या रिळावर चढवताना शेवटी बोटांना चिकटपट्टीचा जाड सांधा आणि त्यापुढे फिल्मचा वेगळा तुकडा लागला, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. जुन्या फिल्मवर फॉग, म्हणजे प्रकाश न लागताच येणारा करडेपणा, कमी यावा म्हणून एचसी-११० हे डेव्हलपर वापरले, तापमान २० अंशांवर राखले, आणि तरीही निगेटिव्ह जवळजवळ पारदर्शक निघाली. आजीच्या डोळ्यांच्या जागी इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदी थरावर, काहीही उमटले नव्हते.

दोन दिवस मी माझ्याच मोजमापात चूक शोधत होतो. मग भिंगातून निगेटिव्हची कड पाहिली. तिथे फ्रेमचे क्रमांक नव्हते, ५२२२ हा आकडा होता. ती सिनेमाच्या चित्रीकरणासाठीची डबल-एक्स फिल्म होती, जिचा वेग दिव्याच्या उजेडात २०० धरतात; म्हणजे माझे प्रत्येक छायाचित्र तीन स्टॉप कमी, गरजेच्या आठव्या हिश्श्याइतक्याच, प्रकाशात घेतले गेले होते. वापरलेल्या डब्यांतून बाहेर राहिलेल्या मूळ फिल्मच्या टोकाला लांब रिळातली दुसरी फिल्म चिकटवून ते रोल भरले होते. डबल-एक्स स्वतः उत्तम फिल्म आहे. तिला दुसऱ्या नावाने विकणे ही लबाडी आहे.

विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे होते : जुन्या रोलची हमी नसते. मुदत संपलेल्या फिल्मच्या खरेदीत हेच वाक्य ढालीसारखे वापरले जाते. गोठवल्यामुळे रोल नव्यासारखा राहतो हा त्याचा दावाही खोटाच होता, कारण थंडीने उष्णतेचा परिणाम रोखता येतो, नैसर्गिक किरणोत्सर्गाचा नाही, आणि वेगवान फिल्मला तोच अधिक बाधतो.

असे अनेक रोल घेतले असतील तर एक रोल चाचणीसाठी खर्च करावा. अंधारात त्याच्या मधल्या भागातून दोन तुकडे कापावेत. एक डेव्हलप करून फिक्स करावा (उरलेले प्रकाशसंवेदी द्रव्य रसायनाने काढून टाकावे), दुसरा नुसताच फिक्स करावा. दोहोंच्या करडेपणातला फरक म्हणजे फॉग, आणि डेव्हलप केलेला तुकडा पुरेसा लांब असेल तर कडेवर फिल्मचे खरे नाव वाचता येते. विक्रेत्याकडून अशा तुकड्याचे छायाचित्र आधीच मागावे. मी ज्याच्याकडून घेतले, त्याची विक्री अजून सुरू आहे, आणि वर्णनातले शब्दही तेच आहेत.