पितळी म्हणून घेतलेला शिक्का

आमचं घर कोल्हापूरच्या सुभाषनगरात. आजोबांपासून पायताणं करतोय. आण्णा अजूनही प्रत्येक जोडाच्या आतल्या बाजूला आरीने तीन ठिपके टोचतात, तीच त्यांची खूण. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दिसली आणि सगळीकडे बोंबाबोंब झाली, तेव्हा माझ्या डोक्यात बसलं की मालावर आपलं नाव पाहिजेच. त्याच दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने एक गृहस्थ दुकानात आला. गोड बोलणारा. आण्णांच्या पाया पडला, मला "भावा, भावा" करत राहिला.

तो म्हणाला, पितळी शिक्का ७,००० ला, कॉम्प्युटरवर कोरलेला, आणि नावाची सरकारी नोंदणी, म्हणजे ट्रेडमार्क, ४,५०० त. सरकारी फी खरोखरच तेवढी आहे, छोट्या उद्योजकाला ऑनलाइन अर्जाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० च पडतात. त्यामुळे मला संशय आला नाही. खरा आकडा सांगून फसवतात, हे मला माहीतच नव्हतं. ११,५०० फोनवरून लगेच पाठवले. पावती हातात पडली तीही बिननावाची.

पंधरा दिवसांनी तो गृहस्थ शिक्का घेऊन आला. वाटीत पाणी घेऊन त्याने कातड्याचा तुकडा ओलसर केला, शिक्का ठेवून एक ठोका दिला. अर्धगोलात आमचं आडनाव, खाली आरी, कोपऱ्यात गोलातला आर (®), म्हणजे नाव नोंदलेलं असल्याची खूण. ठसा झकास उठला. मग खिशातून चुंबक काढून शिक्क्याला लावला. "बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल पितळ."

दोन्ही चाचण्या फसव्या होत्या. आपलं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, ते ओलं असताना नखाचाही वण धरतं. त्यावर कुठलाही शिक्का छानच उठणार. आणि चुंबक जस्तालाही चिकटत नाही.

साठेक जोड झाले आणि अक्षरांच्या कडा बसायला लागल्या. खोली जेमतेम, एक मिलिमीटरही नाही, त्यामुळे जरा जोरात ठोकलं की अक्षरांबरोबर ठोकळ्याची चौकटही कातड्यावर उठायची. एके दिवशी बाजूला कानस मारली. वरचा पिवळा थर गेला आणि खाली करडं निघालं. गुजरीत सोनाराच्या काट्यावर टाकला. ठोकळा चार बाय अडीच बाय दोन सेंटीमीटरचा, म्हणजे २० घन सेंटीमीटर. पितळ असतं तर १७० ग्रॅमच्या आसपास भरलं असतं. भरलं १४२. पिवळा मुलामा दिलेलं जस्त. थोड्या मालाला जस्ताचा शिक्का वाईट नसतो, पण मग पैसे जस्ताचे घ्यायचे ना!

नोंदणीचं त्याहून भारी. पावतीवरचा अर्ज क्रमांक ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर टाकला, तो निघाला कुणाच्या तरी अगरबत्तीचा. तिथे कुणालाही फुकट शोधता येतं, हे मी पैसे देण्याआधी करायला हवं होतं. चपला वर्ग २५ मध्ये येतात आणि पर्स-पाकिटं १८ मध्ये, म्हणजे मला दोन वर्गांची फी लागली असती, हेही त्याने कधी सांगितलं नाही. नोंदणी नसताना गोलातला आर वापरणं कायद्यात बसत नाही. ते साठ जोड मी रापीने, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराने, खरवडत बसलो. कातड्यावर उठलेला ठसा पूर्ण जात नाही, वरचं अंग निघून तिथे केसाळ डाग पडतो. शेवटी एका व्यापाऱ्याला पडत्या भावात दिले.

मध्येच त्याने "जीआयचं पण करून देतो, ३,००० द्या" म्हणून फोन केला होता. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९ मध्येच मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. आपल्याला फक्त अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज करायचा असतो, आणि २०२० पासून त्याची सरकारी फी १० रुपये आहे. दहा!

आता त्याचा फोन बंद. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर दोन महिने होऊन गेले होते. पैसे गेल्याचं मी समजून घेतलंय. नवा शिक्का हुपरीला चांदीच्या कामाच्या डाया करणाऱ्याकडून घेतला. त्याने माझ्यासमोर पितळेची पट्टी कापली आणि पक्की पावती दिली.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. आमच्या शिक्क्याचं चित्र त्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये आहे. उद्या तो तसाच शिक्का आणखी कुणाला देईल. म्हणून नव्या शिक्क्यात आरीची मूठ डावीकडे केली आहे. मूठ उजवीकडे आणि कोपऱ्यात गोलातला आर असलेला नवा माल कुठे विकायला आला तर तो आमचा नाही. दिसला तर दुकानात येऊन सांगा.